लांब दोन, आखूड दोन

मामांच्या गॅरेजात पूर्वी गाडीचं दुखणं दोघं मिळून शोधायची. मामा म्हणजे साऱ्या गल्लीचे मामा, हाडाचे मेकॅनिक. मामी त्यांची बायको. तिने जन्मात गाडी चालवली नाही, पण ड्रायव्हरच्या सीटवर तिच्याइतकं दुसरं कुणी बसलं नसेल.

त्या गाड्यांना यंत्र जोडून पडद्यावर बिघाड वाचायची सोय नव्हती. बॉनेटखाली एक छोटी डबी असे. तिच्या दोन भोकांत वायरचा तुकडा खुपसायचा आणि किल्ली फिरवायची, की स्टिअरिंगमागचा पिवळा दिवा उघडझाप करू लागे. लांब उजेड म्हणजे दशक, आखूड म्हणजे एकक. जुळेल तो आकडा बिघाडाचा. वापरून वापरून भोकं सैल झालेली, त्यामुळे वायर बोटाने दाबून धरावी लागे. म्हणून मामा बॉनेटमध्ये आणि मामी सीटवर.

"लांब... लांब... एक, दोन, तीन," ती ठेक्यात सांगे. मग मामा डोकं वर काढत, नाकाच्या शेंड्याला ग्रीस, आणि दुखण्याचं नाव जाहीर करत. गिऱ्हाईक बघतच राही. घरात कुकरची शिट्टी झाली की मामी मोजणं टाकून पळे, आणि मामा इकडे "किती झाले?" म्हणून ओरडत बसत. मग सगळं पहिल्यापासून. काय दिवस होते ते. दारात गाड्यांची रांग, हातात गार झालेला चहा, आणि दोघांची दिवसभर कुरबुर. आता नुसता छपराच्या पत्र्याचा आवाज ऐकत बसायचं.

तोही मामांना फारसा येत नसे म्हणा. उभा जन्म इंजिनांशेजारी गेला, कान काय राहणार? गल्लीला हे ठाऊक होतं, मामांना मान्य नव्हतं. कुणी काही बोललं की ते "काय?" असं विचारत नसत, "हो हो" म्हणत. शेजाऱ्याने शिडी मागितली तरी हो हो, मुलीने कानाच्या डॉक्टरांकडे चला म्हटलं तरी हो हो. शेजाऱ्याला शिडी मिळाली नाही आणि डॉक्टरांना मामा.

नव्या गाड्या कोपऱ्यावरच्या यंत्रवाल्याकडे गेल्या. दिव्याची एकच गाडी उरली, बेकरीवाल्या बाईंची. त्या रोज पहाटे तिच्यातून पाव पोचवायच्या, आणि पहाटेच ती सुरू व्हायला नाटकं करी. मामांनी पंधरवड्यापूर्वी ठिणगी वाटणाऱ्या डब्यातला सेन्सर बदलून दिला होता. गाडी पुन्हा पहाटेच चढावर बंद पडली.

"मामा, तुमच्यावर विश्वास आहे हो," बाई म्हणाल्या, "पण माझे पाव दुकानात शिळे पडतायत. या वेळी नाही झालं तर भंगारवाल्याला बोलावते."

एवढं मात्र मामांना स्वच्छ ऐकू आलं. ही गाडी गेली की त्यांना आणि मामीला विचारणारं कुणी उरणार नव्हतं. त्यांनी गुपचूप वायर खुपसली. मामी सीटवर बसली.

"लांब... लांब... एक, दोन."

"बारा!" मामा आतून म्हणाले. "मागच्या वेळचाच."

मामीने सीटवरून मान बाहेर काढली. ती सांगत होती बावीस. पहिलं "लांब" पोचलं. दुसरं मामांनी "थांब" ऐकलं. ही घोटाळली, थांबायला सांगतेय, असं समजून त्यांनी ते मोजलंच नव्हतं. मागच्या वेळी आकडा मोजून होताच ती कुकरच्या शिट्टीला आत पळाली होती; तेव्हाही हेच झालं असणार. चांगला धडधाकट सेन्सर उगाच बदलला.

बाई शेजारीच उभ्या. त्यांच्यादेखत नवऱ्याला बहिरा कसं म्हणायचं? मामी खाली उतरली. हात पुसायचं फडकं देण्याच्या मिषाने बॉनेटवर वाकली आणि त्यांच्या कानाशी म्हणाली, "अहो, बावीस. पाण्याची उष्णता सांगणारा सेन्सर. इंजिन गार असताना गरम सांगतोय, म्हणून पहाटे पेट्रोल कमी पडतंय."

मामांनी फडक्याला हात पुसले. मग डोकं वर काढून त्यांनी बाईंना तेच सांगितलं, शब्दाला शब्द. मागची चूक माझीच, असंही म्हणाले. सेन्सर बदलला. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली आणि बाई जाता जाता पावाची लादी ठेवून गेल्या.

चहा पिताना मामांनी विषय काढला. रात्रभर त्यांच्या मनात तेच घोळत होतं. आकडा हिला माहीत असणारच, पण आकड्याचा अर्थ?

"तुला कधीपासून कळतं गं हे?"

"पहिल्या वर्षापासून."

"सगळे आकडे?"

"तेच तेच तर असायचे. कळायला काय लागतं?"

"मग कधी बोलली नाहीस ती?"

मामी कपात बघत काहीतरी बोलली. हळूच. तिचे ओठ हलले, थोडं हसू आलं, आणि डोळे भरून आले. मामांच्या पदरात त्यातला एक शब्दही पडला नाही. "हो हो" अगदी जिभेवर आलं होतं.

त्यांनी कप खाली ठेवला. "ऐकू नाही आलं मला," ते म्हणाले. "हल्ली येतच नाही. परत सांग."

मामी खुर्ची ओढून त्यांच्या कानाशी आली आणि पलीकडच्या घरात ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "डोकं वर काढून सांगताना तुम्ही इतके खूश दिसायचात, मला नव्हतं ते घालवायचं."