कप्तान बेट निवडतात

चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवणाऱ्या त्या गृहस्थांना गल्लीतले सगळे 'कप्तान' म्हणत. म्हणणाऱ्यांचा सूर चेष्टेचा असे, पण गृहस्थ तो मान समजून छाती पुढे काढत. आठवडाभर मान मोडेपर्यंत यंत्रावर वाकून बसायचं आणि सुट्टीच्या दिवशी गावाबाहेरच्या तलावावर क्लबाची छोटी कॅटामरान घेऊन निघायचं, हा त्यांचा परिपाठ. कॅटामरान न पाहिलेल्यांना ते हातवारे करून समजावत. दोन सडपातळ होड्या शेजारी शेजारी, मध्ये ताणलेली जाळी, वर शीड. बसायला बाक नाही, टेकायला पाठ नाही, आणि वारा भरला की एक बाजू सरळ हवेत. ऐकणाऱ्याला वाटे, हा माणूस सुखाचा जीव दुःखात का घालतो?

ती होडी दोघांची असते. एकाने मागे बसून सुकाणू धरायचं, दुसऱ्याने पुढचं लहान शीड सांभाळायचं आणि वारा वाढला की अंग बाहेर झोकून तोल राखायचा. मागे कप्तान, पुढे त्यांची बायको. ती दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. दिवसभर खुर्चीत आक्रसून बसलेल्यांना "झालंच हं, झालंच" म्हणण्यात तिचा हातखंडा. नवऱ्याचं हे खूळ तिने नवऱ्याबरोबरच पदरात घेतलं होतं, आणि खरं सांगायचं तर वारा कप्तानांच्या आधी तिला कळे.

गेल्या वर्षी होडी उलटली. उलटण्यात नवल काही नाही, सगळ्यांच्याच उलटतात. क्लबाचा नियमही सोपा आहे: काही झालं तरी होडी सोडायची नाही, आधी तिला सरळ करायचं, कारण हलकी होडी माणसाच्या पोहण्यापेक्षा वेगाने वाहून जाते. कप्तानांनी नियम पाळला. पाण्यातून डोकं वर काढल्याबरोबर त्यांनी डोलकाठी वाकली का ते पाहिलं, दोर ओढून होडी उभी केली आणि वर चढले. शिडात वारा भरला, होडी सुटली. बायको कुठे आहे हे त्यांना त्यानंतर आठवलं. ती बरीच मागे राहिली होती, एक हात वर करून. क्लबाच्या मोटरबोटीने तिला उचलून आणलं.

इथवरही निभावलं असतं. पण किनाऱ्यावर मंडळी जमली, चहाचे कप फिरले, "काय झपाट्याने उभी केली हो!" म्हणून कोणीतरी पाठ थोपटली, आणि कप्तानांनी उचलली जीभ लावली टाळ्याला. "अहो, हिने बाहेर झुकायला उशीर केला, म्हणून तर होडी गेली!" सगळे हसले. टॉवेलात गुंडाळलेली बायकोही हसली. खरं तर ती वेळेवर झुकली होती. शिडाची दोरी ढिली करायची होती ती कप्तानांनी, आणि वेगाच्या मोहात ती त्यांनी केली नव्हती. आपल्या चुकीचं खापर त्यांनी भर सभेत बायकोच्या डोक्यावर फोडलं होतं.

त्यानंतर तिचा खांदा दुखू लागला. दवाखान्यात जड ट्रे उचलताना दुखत नसे, फक्त सुट्टीच्या सकाळी दुखे. कप्तान एकटेच क्लबात जात, कुणा नवशिक्याला पुढे बसवत आणि तोंड पाडून परत येत. मन त्यांना खात होतं. विषय काढायला मात्र धीर होत नव्हता, कारण एक वाक्य बोललं तर सगळंच बोलावं लागलं असतं.

म्हणून यंदा त्यांनी सुट्टीसाठी एक बेट शोधून काढलं. नारळाची झाडं, कोमट समुद्र, किनाऱ्यावर रांगेने लावलेल्या कॅटामरान. पुष्कळ पारखून त्यांनी दोन रिसॉर्टं निवडली. एक बेटाच्या वाऱ्याकडच्या अंगाला: नव्या कोऱ्या होड्या, दिवसभर सणसणता वारा. दुसरं पलीकडे, प्रवाळाच्या रांगेआड: जुन्या होड्या आणि ताटात ओतल्यासारखं संथ पाणी. बायकोला पुन्हा होडीत बसवायचं तर दुसरंच हवं, हे कप्तानांना पक्कं ठाऊक होतं. तरी त्यांचा जीव पहिल्यात अडकला. त्यांनी तिला पहिल्याचे फोटो दाखवले, तेही समुद्र गाळून: खोल्या, पडदे, बाग.

"छान आहे की," ती म्हणाली. "समुद्र कुठे आहे?"

"असेल ना मागे," कप्तान म्हणाले, आणि त्यांना स्वतःचीच शरम वाटली.

शेवटी दोघं प्रवास कंपनीच्या कचेरीत गेली. काउंटरवरच्या बाईंनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. कप्तानांनी वाऱ्याबद्दल विचारलं, होड्यांच्या वयाबद्दल विचारलं, शीड किती मोठं तेही विचारलं. बाई कंटाळल्या.

"आणि मॅडम, तुम्हाला काही विचारायचंय?"

"एकच," बायको म्हणाली. "मोटरबोट धक्क्याला बांधलेली असते की पाण्यात फिरत असते? म्हणजे माणूस पडलं तर कोण बघतं?"

बाईंनी दोन्हीकडे फोन लावला. पहिल्याकडे बोट धक्क्याला असते, हाक आली की निघते. दुसऱ्याकडे होड्या पाण्यात असेपर्यंत ती मागे फिरतच असते.

रोख कप्तानांना कळला. तरी ते म्हणाले, "अगं, मी असेनच की तिथे."

"असाल हो," ती खुर्चीतल्या पेशंटशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाली. "पण होडी उलटली की तुम्हाला होडीच दिसते."

बाई उगाचच कीबोर्डकडे बघू लागल्या. वर्षभर ती मूग गिळून बसली होती, आणि सगळं तिने पाण्यातून पाहिलं होतं. कप्तानांना वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं.

"दुसरं करा," ते बाईंना म्हणाले.

"पण सर, तुम्हाला तर वारा..."

"दुसरंच करा. आणि ऐका, त्या दिवशी ही वेळेवर झुकली होती. दोरी मी सोडली नाही. चूक माझी होती."

बाईंना काही उलगडलं नाही. कोणती दोरी, कोणता दिवस? त्या नुसत्या मान हलवून हसल्या. कप्तानांनी घाम पुसला. मोठं ओझं उतरलं असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी आशेने बायकोकडे पाहिलं.

तिचे डोळे भरून आले होते, नाही असं नाही. पण तिने विचारलं, "ह्यांना कशाला सांगताय? ह्या हसल्या होत्या का माझ्यावर?"

क्लबाचा किनारा, ती मंडळी, त्यांच्या हातातले चहाचे कप, सगळं कप्तानांसमोर उभं राहिलं, आणि तिथे हे वाक्य कोणत्या तोंडाने बोलायचं ते त्यांना सुचेना.

"होडी एकाची लिहू की दोघांची?" बाईंनी विचारलं.

कप्तानांनी तोंड उघडलं, पण उत्तर बायकोने दिलं. "खोली दोघांची लिहा," ती म्हणाली. "होडीचं मग कळवू, हे क्लबात जाऊन बोलून आले की."