आखूड पडलेलं लुगडं

रेवसच्या धक्क्याला लाँच नीट टेकायच्या आधीच सखुबाईने उडी टाकली. पासष्ट वर्षांच्या बाईने, तीही गाऊन घालून! "आई, पडाल!" सून मृणाली मागून ओरडली. पण आज सखुबाई कुणाचं ऐकते? मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी सकाळीच सांगितलं होतं: तीन वर्षं पुरी झाली, रक्ताचा रिपोर्ट चांगला, सोनोग्राफी स्वच्छ. आता रामचंद्रशेटचं कापडदुकान गाठेपर्यंत तिला दम निघत नव्हता.

त्या दुकानाशी तिचं जुनं भांडण. सगळा जन्म मिठागरात गेलेली ही बाई. गुडघ्यापर्यंत नेसलेलं नऊवारी लुगडं आणि घट्ट काष्टा, याखेरीज दुसरं काही तिने अंगाला लावलं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी नवं लुगडं आखूड पडलं. काही केल्या काष्टा मागे पोचेना. झालं! सखुबाई तडक दुकानात गेली आणि भर गिऱ्हाइकांत तिने शेटची बिनपाण्याने केली. "कापड मारतंस, मेल्या!" शेटने गुमान लुगडं पसरलं आणि तिलाच मोजायला लावलं. कोपरापासून बोटापर्यंत, बरोबर अठरा हात भरले. पण हार मानेल ती सखुबाई कसली? "तुज्या दुकानात माजा हातबी खोटा होतंय," असं म्हणून लुगडं तिथेच आपटून आली.

हा पराक्रम तिने घरी रंगवून सांगितला. मृणाली पोट धरून हसली, आणि हसता हसता थांबली. सासूच्या बांगड्या पार कोपरापर्यंत घसरत होत्या. बाई वाळली होती. वाढलं होतं ते फक्त पोट. दोन घासांत पोट गच्च व्हायचं, लघवीला सारखं पळावं लागायचं, आणि महिनोन्महिने गॅसच्या गोळ्या चालू होत्या.

"आई, तुमची आई कशाने गेली हो?"

"पोटात पानी जालं तिच्या. मावशीबी तशीच गेली."

दुसऱ्या दिवशी मृणालीने तिला अलिबागला नेलं, तिथून मुंबईला. अंडाशयाचा कॅन्सर निघाला. पाळी जाऊन पंधरा वर्षं झालेल्या बाईला अंडाशय आठवतं कशाला! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वय आणि माहेरचा इतिहास, दोन्ही धोक्याचेच. हा आजार गुपचूप वाढतो आणि बहुतेक बायका फार उशिरा येतात. तुम्ही त्यातल्या त्यात लवकर आलात. मग ऑपरेशन झालं, केमो झाली, केस गेले. हा आजार आईकडून लेकीकडे उतरू शकतो, म्हणून सखुबाईच्या लेकीचीही रक्ततपासणी झाली. सखुबाईने गाऊन चढवला आणि पण केला, की तीन वर्षं निभावली तर त्याच दुकानातलं लुगडं नेसेन, तोवर नाही.

"शेट, लुगडं काढ! अठरा हात!" दुकानाच्या पायरीवरूनच ती गरजली.

शेट उठला, पण हसला नाही. "सखुबाई, तुमचं कळल्यापासून कुणी म्हणाली की लुगडं पुरत नाही, परकर घट्ट होतो, तर मी आधी विचारतो, पोट तपासलंत का? दोघींना विचारलं. एकीला नुसता गॅस निघाला. तिने भर बाजारात माझी अब्रू काढली."

"आनि दुसरी?"

शेटने मागच्या दाराकडे पाहिलं. त्याची बायको अंबिका तिथे चहाचा कप घेऊन उभी होती.

"सोमवारी ऑपरेशनसाठी दाखल व्हायचंय," शेट म्हणाला. "लवकर सापडलंय म्हणतात. पण मुंबईचं नाव काढलं की ही रडायला लागते. नाहीच जायचं म्हणते."

सखुबाईने तिच्या हातातला कप काढून बाजूला ठेवला आणि अंबिकेचे दोन्ही हात गच्च धरले. "ए बाय, मना बघ! आता लाँचवरून उडी मारून आलंय मी. सोमवारी तुज्यासंगं मी येनार. सकालचीच लाँच धरू. व्हय का न्हाय?"

अंबिकेने डोळे पुसले आणि कशीबशी मान हलवली. तशी सखुबाई शेटकडे वळली.

"आनि तू काय बघत रहिलास, मेल्या? लुगडं काढ की! हिच्याबरोबर काय गाऊनवर जाऊ?"