खडपाची दुसरी रेषा

अनू, निखिल,

आपल्या कोळीवाडीची पोरं तुम्ही, दोघं तिकडे गुप्तलेखनाचं गणित शिकता आहात, आणि इकडे कालपासून तो ट्रॉलर, तळ शोधायचं नवं यंत्र बसवून, पुन्हा समोरच्या पाण्यात फिरतो आहे. म्हणून आजच लिहिते.

"बस गो खाली. मासे इकूचा काम न्हय ह्या."

काही वर्षांपूर्वी कॉलेजातल्या एका व्याख्यानाला, भरल्या सभागृहात हे मला ऐकवलं गेलं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झाले होते. बोलणारा कॉलेजचा विश्वस्त, चार ट्रॉलरांचा मालक. पाहुण्या प्राध्यापकांना 'सर, आपण'. मला 'गो'.

प्राध्यापक सांगत होते, गुपित न फोडताही ते आपल्याला माहीत असल्याचं सिद्ध करता येतं. मी उभी राहिले. म्हटलं, माझे वडील हेच करायचे. आमच्या होड्या पाण्याखालच्या ज्या खडपावर, म्हणजे खडकावर, जगतात, त्याची खूण वाडीबाहेर कुणाला ठाऊक नव्हती. कुणी शंका घेतली की वडील त्याचे डोळे पंच्याने बांधून त्याला खडपावर न्यायचे, गळ टाकायला लावायचे. गोबरे मासे वर यायचे. "नशीब म्हणतस? फाल्या परत चल." दुसऱ्या दिवशी पुन्हा. दहादा न्यायचे. खूण सांगायचे नाहीत.

सभागृह हसलं. तेव्हा त्या विश्वस्ताने मला बसवलं. वर म्हणाला, "ठावक आसा तर सांग खूण."

मी चिडले. "देवळाचा कळस आणि डोंगरावरचा वड एका रेषेत धरा, आणि..."

तो हसायचा थांबला.

पुढचं मी जिभेवरच अडवलं. उशीर झाला होता. दोन रेषा छेदतात तिथे खडप. त्यातली एक मी देऊन बसले. राखायचा होता मान माझा, दिली ती रेषा वाडीची.

प्राध्यापक शेवटी म्हणाले, "कुलूप अभेद्य नसतं. उघडायला जेवढा काळ लागेल, तेवढीच त्याची ताकद." अख्खा समुद्र धुंडाळायला त्या विश्वस्ताचा जन्म पुरला नसता. एक रेषा धुंडाळायला?

दुसऱ्या सकाळी त्याचा ट्रॉलर त्या रेषेवर. वर, खाली. वर, खाली.

आठवडाभर खडप न सापडल्यावर तो शाल घेऊन दारात. आता मी 'बाईनू'. "दुसरी खूण सांगा. कॉलेजात तुमचो सत्कार करूया."

"माका ठावक आसा," मी म्हटलं. "तुका पटवूची गरज नाय."

दार लावलं. तेव्हापासून, मला काय येतं याचा पुरावा कुणी मागितला, की मी आधी विचारते: तुला तो कशाला हवा?

वाडीत ती दुसरी खूण ठाऊक असलेले आता आम्ही तिघंच. तुम्ही आलात की होडीत बसवून दाखवीन. कागदावर उतरवणार नाही.

दुसरी रेषा अजून आमच्याकडे आहे.