आक्काच्या स्टिकचा दांडा

गोल्फच्या मैदानावर त्याला सगळे काठीमामा म्हणायचे. सभासदांच्या कपडे बदलायच्या खोलीमागे त्याची चिंचोळी खोली होती. तिथे पस्तीस वर्षं तो स्टिका दुरुस्त करत आला होता. स्टिकांची सैल झालेली लोखंडी डोकी घट्ट करायची, मुठीवरची झिजलेली चामड्याची वादी बदलायची, हे त्याचं काम. आणि जुन्या विजेत्यांच्या स्टिका जमवणं, हे त्याचं वेड.

त्या वेडापायी त्याने काय नाही केलं! कुणा विजेत्याच्या विधवेला पत्रं लिहिली, कुणाच्या नातवाच्या मागे महिनोन् महिने लागला. घरात झोपायच्या खोलीची एक भिंत स्टिकांनी भरली होती. बायको म्हणायची, "कपडे पलंगाखाली आणि काठ्या भिंतीवर! उद्या मलाही चिठ्ठी लावून टांगाल." कोणत्या स्टिकने कोण, कुठे, कितव्या फटक्यात जिंकला, ते त्याला तोंडपाठ होतं.

एकदा त्याच्या हाती घबाड लागलं. तीनदा अजिंक्य ठरलेल्या एका जुन्या खेळाडूची पटर, म्हणजे चेंडू हलकेच खळग्यात ढकलायची स्टिक. लोखंडी डोकं शाबूत, पण दांडा मधोमध मोडलेला. तो हिकरी नावाच्या परदेशी झाडाच्या चिवट लाकडाचा दांडा. आता तसे कोण करतं? नवं लाकूड लावून पाहिलं, तर म्हाताऱ्याच्या तोंडात पांढरेशुभ्र दात बसवल्यासारखं दिसायला लागलं.

मग त्याला माळ्यावरची आक्काची स्टिक आठवली.

आक्का त्याची थोरली बहीण. वडील याच मैदानाचं गवत राखायचे. कुणीतरी टाकून दिलेली एक जुनी, हिकरीच्या दांड्याची पटर त्यांनी नीट करून लेकीला दिली होती. बाकीच्या मुली चकचकीत पोलादी दांड्यांनी खेळत असताना, एकोणिसाव्या वर्षी आक्काने त्या लाकडी पटरच्या जोरावर महिलांची स्पर्धा जिंकली. तो तेव्हा चौदाचा. अंतिम सामना चालू असताना तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला, पाहुणा म्हणून आलेल्या एका नामांकित खेळाडूच्या मागे मागे फिरत होता. पुढे आक्काचं लग्न झालं, खेळ सुटला. जाताना तिने स्टिक त्याच्या हातात दिली. "सांभाळ रे."

आता त्याने ती माळ्यावरून काढली, टेबलावरच्या लोखंडी पकडीत आवळली, डोकं धरून ठेवणारा खिळा ठोकून काढला आणि आक्काच्या स्टिकचं डोकं भंगाराच्या डब्यात टाकलं. दांडा विजेत्याच्या पटरच्या डोक्यात असा बसला की जणू तिथलाच. त्या आनंदात आक्काला विचारायचं त्याला सुचलंही नाही.

वर्षभराने मैदानावरच्या क्लबच्या दिवाणखान्यात त्याच्या संग्रहाचं प्रदर्शन भरलं. आक्का आली. सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरून चालणारी. एकेक स्टिक पाहत ती त्या पटरपाशी थांबली. दांड्याच्या खालच्या टोकाजवळ करपल्यासारखा एक डाग होता. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"हा माझा दांडा ना रे? बाबांनी सरळ करायला शेगडीवर धरला होता, तेव्हा करपला."

"आक्का, लाकूड मिळत नव्हतं गं..."

"आणि माझ्या स्टिकचं डोकं?"

"घरी आहे," तो खोटं बोलला.

"असू दे. छान बसवलायस," ती म्हणाली आणि खुर्ची शोधायला गेली. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्याने दुरुस्तीच्या खोलीतले सगळे डबे उपसले. बायकोही पदर खोचून मदतीला बसली. पण ते भंगार कधीच गेलं होतं, वितळून त्याचं काय झालं कुणास ठाऊक. मग त्याने क्लबच्या सचिवांना जाऊन सांगितलं, दांडा मूळचा नाही, माझ्या बहिणीचा आहे. सचिव म्हणाले, "मामा, कोण बघतंय?" त्याने ऐकलं नाही. पटर खाली उतरवली, दांडा मोकळा केला आणि तो घेऊन आक्काच्या गावी गेला.

तिथे त्याने सगळं कबूल केलं. आक्काने दांडा मांडीवर घेतला.

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "खोटं बोलताना तू अजून कान खाजवतोस."

तो हसू शकला नाही. खिशातून वही काढून म्हणाला, "आक्का, तो सामना मला सांग. पहिल्यापासून. मी लिहून घेतो."

ती खिडकीबाहेर बघत आठवू लागली. वारा होता, बहुतेक. समोरची मुलगी उंच होती. शेवटचा फटका लांबून मारला होता, की ते आदल्या दिवशी? तिने दोनदा सुरुवात केली आणि दोनदा थांबली.

"नाही रे आठवत. बाबा होते तोवर त्यांना सगळं पाठ होतं." मग त्याच्या हातावर हात ठेवून ती म्हणाली, "तेव्हा विचारायचंस ना वेड्या. मी रात्रभर सांगितलं असतं."

वहीत वरती त्याने आक्काचं नाव आणि ते वर्ष लिहिलं होतं. त्याखाली लिहायला काहीच नव्हतं.