कॅनच्या झाकणाखालची कविता

दूध नासल्याचा वास आला की मला अलंकार आठवतात. त्या दुष्काळात आमच्या विहिरीतलं कासवसुद्धा बिऱ्हाड उचलून नेकनूरच्या पाहुण्यांकडे गेलं होतं. मी बीडला कॉलेजात मराठी शिकत होतो आणि प्रेमात गळ्यापर्यंत बुडालो होतो. तालुक्यात बुडायला तेवढंच शिल्लक होतं. एके सकाळी दुधाच्या कॅनचं झाकण घट्ट बसावं म्हणून वडिलांनी माझ्या वहीचं पान फाडून लावलं, नेमकं कवितेचं. मी ते दूध घेऊन संस्थेत गेलो, झाकण उघडलं आणि चेअरमननी ते अख्ख्या रांगेला वाचून दाखवलं: ‘तू हसता गं साजणी, आड भरला काठोकाठ, तहानलेले टँकर पाहती तुझी वाट.’ मग गरजले, “कुणाची पोरगी हाय बे? नाव सांग, न्हाईतर दूध परत ने!” नाव सांगितलं असतं तर त्याच दिवशी तिचं कॉलेज सुटलं असतं. मी छाती पुढं काढली. “चेअरमन, हे रसग्रहण हाय, पंचनामा न्हाई. काठोकाठ-वाट, हे यमक. हसण्यानं आड भरला, ही अतिशयोक्ती. टँकरला तहान लागली, ही चेतनगुणोक्ती. नावाला हितं जागाच न्हाई.” रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “टँकरबी वाट बघतो व्हय? मला वाटलं, आमीच बघतो!” रांग खदखदली, चेअरमन लालबुंद झाले आणि माझं दूध परत फिरलं. घरी पोचेस्तोवर ते उन्हानं नासलं. वडिलांच्या शिव्या परळीपर्यंत ऐकू गेल्या. नाव त्यांनीही विचारलं. आजही गावात कुणीतरी खोदून विचारतंच. मी त्याला शेजारी बसवतो आणि पहिल्या ओळीपासून अलंकार समजावून सांगतो.