पहिल्या पानावरचा खुलासा

माझी बातमी हातात घेतली की बाई आधी एकच विचारत, "ज्याच्याविषयी लिहिलंस, त्याला विचारलंस का?" "फोन लागला नाही," म्हटलं की चष्मा काढून टेबलावर ठेवत आणि बातमी परत माझ्या हातात देत.

सोलापुरात त्या आम्हाला वृत्तपत्रविद्या शिकवत. वृत्तपत्रांना नियम कुणी घालावेत, छापलेली चूक कुठे आणि केवढ्या अक्षरांत दुरुस्त करावी, यावर त्यांनी उभी हयात अभ्यास केला. भाच्याच्या लग्नपत्रिकेत व्याह्यांचं नाव चुकलं, तेव्हा बाईंनी प्रत्येक पाकिटात दुरुस्तीची चिठ्ठी घातली होती. व्याही अजून हसतात, पण चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली आहे. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

मी बातमीदार झाले त्याच वर्षी माझ्या हातून मोठी चूक झाली. बोगस डॉक्टरच्या बातमीत, पहिल्या पानावर, मी भलत्याच माणसाचा फोटो दिला. तो शुक्रवार पेठेतल्या एका दवाखान्यातला कंपाउंडर. नाव तेच, माणूस वेगळा. सकाळीच बाईंचा फोन आला. "ते आमच्या गल्लीतले आहेत. चल, त्यांच्याकडे जाऊ."

कंपाउंडर दारातच उभे होते. दवाखान्याच्या डॉक्टरांनी त्यांना काही दिवस कामावर येऊ नका म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं, ओरडतील. ते हळूच म्हणाले, "ताई, मला इचारायचं तरी की. मी कुटं पळून चाललो हुतो?" त्यांच्या बायकोने आम्हाला पाणी दिलं. माझी मान वर होईना.

तिथून आम्ही थेट कार्यालयात गेलो. संपादक म्हणाले, "आतल्या पानात दोन ओळी टाकतो."

"फोटो पहिल्या पानावर होता," बाई म्हणाल्या.

"मॅडम, असं कुणी करत नाही."

"तुम्ही करा." आणि त्या समोरच्या खुर्चीत बसून राहिल्या.

त्याच संध्याकाळी त्यांना दिल्लीची गाडी होती. वृत्तपत्रांसाठीच्या नियमांचा मसुदा ठरवणाऱ्या समितीचं बोलावणं होतं. त्या बोलावण्यासाठी त्यांनी कितीतरी वर्षं लिहिलं होतं. मी घड्याळ दाखवलं. त्या म्हणाल्या, "आधी पान लागू दे."

पान लागलं. खुलासा पहिल्या पानावर, फोटोसकट, खाली माझी दिलगिरी. तोवर गाडी सुटली होती. त्याच आठवड्यात कंपाउंडर पुन्हा दवाखान्यात दिसू लागले.

समितीने बाईंना परत बोलावलं नाही. छापलेल्या चुकीच्या दुरुस्तीचं कलम मसुद्यातून गळलं. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या कुणाकडून कळलं, तेव्हा मी रडवेली होऊन त्यांच्या घरी गेले. त्या भाकरी थापत होत्या.

"वाईट वाटलं गं," त्या म्हणाल्या. "चार दिवस नीट जेवले नाही. आता जेवते आहे. तूही बस."

गेल्या वर्षी बाई गेल्या. घरी प्राध्यापक, पत्रकार, जुने विद्यार्थी दाटले होते. कंपाउंडर चपला काढून भिंतीशी उभे होते. कुणीतरी विचारलं, "आपण बाईंचे कोण?"

ते गोंधळले. "कुणी न्हाय," म्हणाले. "गल्लीतला हाय."

मी त्यांचा हात धरला, आणि पुढे नेऊन बाईंच्या बहिणीशेजारी बसवलं.