बेहड्याच्या ढोलीतली ककणेर

आमच्या घरामागच्या बांधावर एक जुना बेहडा होता. त्याच्या खोडात उंचावर ढोली होती, आणि शिमग्याच्या सुमारास ककणेरांची जोडी तिथे यायची. शहरातली माणसं त्यांना धनेश म्हणतात. मादी ढोलीत शिरायची आणि आतून दार लिंपून स्वतःला कोंडून घ्यायची. चोच बाहेर येईल एवढीच फट उरायची. नर दिवसभर उंबरं, वडाची फळं आणून त्या फटीतून तिला भरवायचा. आत तिची पिसं झडतात, नवी येईपर्यंत उडता येत नाही. हे मला सासऱ्यांनी सांगितलं होतं, मी नवी नवरी असताना. कपडे वाळत घालताना मी त्या नराची वाट बघायचे. तो आला की पंखांचा फरफर आवाज पडवीपर्यंत यायचा.

सासरे गेले. जमीन सामाईक राहिली. मोठे भाऊजी मुंबईला, त्यांना मागच्या भागात काजू लावायचा होता. एका लाकूड ठेकेदाराने त्यांना फोनवर गाठलं. "दादा म्हणतोय तर तोडू दे," एवढंच आमचे हे बोलले. मला कोणी विचारलं नाही.

चैत्र होता. हे मिरजोळ्याच्या कारखान्यात सकाळच्या पाळीला गेले, आणि मागोमाग टेम्पो आला. कामगार उतरले. मी मुकादमाला म्हटलं, "भाऊ, पावसाच्या तोंडावर तोडा. आत मादी बसलीय, पिल्लं असतील."

माणूस वाईट नव्हता. हाताचा आडोसा करून त्याने ढोलीकडे पाहिलं. "वहिनी, पावसात गाडी वर चढत नाय. आणि मालकांनी आजचंच सांगितलंय."

मी भाऊजींना फोन लावला.

"अगं, पक्षी ते. दुसरं झाड बघतील."

"ती उडू शकत नाही, भाऊजी."

"माणसं आलीत ना? मग त्यांना काम करू दे."

करवतीचं यंत्र सुरू झालं. मधेच नर आला, गळा फळांनी फुगलेला. तो वर घिरट्या घालत राहिला. कामगारांपैकी एकाने वर बघितलं आणि मान खाली घातली. झाड पडलं तेव्हा घराची कौलं थरथरली.

खोड ढोलीपाशीच फुटलं होतं. एक पिल्लू चिरडलेलं, दुसरं उघडंबोडकं, तोंड वासून ओरडत होतं. मादी जिवंत होती. पंखांच्या जागी नुसते खुंट. मी हात पुढे केला तर तिने बोट फोडलं, आणि पिल्लाच्या अंगावर आडवी झाली. मुकादमाने आपला टॉवेल दिला. त्यात गुंडाळून मी दोघांना टोपलीत ठेवलं.

दुपारी हे आले. टोपलीत डोकावले आणि न जेवता वनखात्याला फोन करत बसले. तिकडून माणूस येईपर्यंत संध्याकाळ झाली. तोवर मादी गेली होती. पिल्लाला मी पिकलेली पपई कुस्करून भरवली होती. वनखात्याचा माणूस ते पिल्लू घेऊन गेला. आठवड्याने ह्यांनी चौकशी केली, तर तेही जगलं नव्हतं.

नर मात्र येत राहिला. शेजारच्या आंब्यावर बसायचा, गळ्यातलं एकेक फळ चोचीत आणायचा, जिथे ढोली होती तिकडे मान लांबवायचा. तिथे आता नुसती हवा होती. मग ते फळ पुन्हा गिळायचा. ह्यांनी एकदा ते पाहिलं, चहा तसाच ठेवून आत गेले. कधीतरी तो यायचा थांबला.

पुढच्या शिमग्याला कोणी आलं नाही. पलीकडच्या वाडीत विचारलं, तर तिथलीही मोठी झाडं गेली होती. भाऊजी मे महिन्यात आले, बेहड्याच्या जागी लावलेली काजूची कलमं बघून खूश झाले.

कलमं खरंच चांगली धरलीत. उन्हाळ्यात त्यांना पाणी मीच घालते.